नंतर आलेल्याचा नंबर आधी कसा लागतो?

जून उजाडला की कंधार तालुक्यात सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा घरात येऊन पडतात आणि सगळ्यांचं लक्ष आभाळाइतकंच मोबाइलकडे लागतं. पेरावं की थांबावं, हा एकच प्रश्न. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो. त्या सल्ल्याला हवामान खात्याच्या अंदाजाचा आधार असतो. आणि त्या अंदाजामागची प्रचंड आकडेमोड होते कंधारहून एका रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या अंतरावर, पुण्यात पाषाणला.

तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे ‘आयआयटीएम’मध्ये, ‘अर्क’ नावाचा महासंगणक आहे. 26 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. याच ‘अर्क’च्या बळावर 26 मे 2025 रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. आधीचं प्रारूप देशाला 12 किलोमीटरच्या चौकटींत पाहायचं, हे 6 किलोमीटरच्या चौकटींत पाहतं. जुन्या ‘प्रत्यूष’ या महासंगणकाला ज्या कामासाठी दहा तास लागायचे, ते ‘अर्क’ चार तासांत उरकतो असं खात्याच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं. मुखेडला ढग फुटावा आणि शेजारी कंधारला नुसती भुरभुर व्हावी, असा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना चौकट लहान होण्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण असं यंत्र एका माणसाचं, एका कामाचं कधीच नसतं. देशात मोजकेच महासंगणक आणि त्यांच्यावर काम करू पाहणारे हजारो. कुणाला औषधाचा रेणू प्रथिनाला कसा चिकटतो ते पाहायचंय, कुणाला बॅटरीसाठी नवा पदार्थ शोधायचाय, कुणाला आकाशातून आलेले रेडिओ संकेत चाळायचेत. प्रत्येकाचं काम तातडीचं, प्रत्येकाच्या पीएचडीची मुदत जवळ आलेली. मग आधी कुणाचं चालवायचं?

या प्रश्नाला जगभरातल्या बहुतेक संगणक केंद्रांनी दिलेलं उत्तर म्हणजे ‘फेअरशेअर’. उत्तर साधं आहे, पण वापरणाऱ्यांच्या ते सहसा गळी उतरत नाही. कारण त्याचा पहिला अनुभव हमखास असा असतो: आपण सोमवारी काम रांगेत लावलं, दुसऱ्या कुणीतरी बुधवारी लावलं आणि त्याचं आधी सुरू झालं. मराठी माणसाच्या मनात अशा वेळी पहिला शब्द येतो तो ‘वशिला’.

वशिला नसतो. तिथे आकडेमोड असते, आणि ती कुणालाही समजेल अशी असते.

आधी यंत्र कसं असतं ते पाहू. महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य मेंदू नव्हे. कपाटांत रचून ठेवलेले शेकडो संगणक वेगवान जाळ्यानं जोडायचे आणि त्यांच्याकडून एकत्र काम करून घ्यायचं, याला क्लस्टर म्हणतात. त्यातला एकेक संगणक म्हणजे नोड, आणि नोडमधला गणित करणारा एकेक घटक म्हणजे कोअर. या प्रकारच्या यंत्रांशी पुण्याचं नातं जुनं आहे. 1988 मध्ये इथे ‘सी-डॅक’ स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा राहिला. अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपायचे, हे तत्त्व त्यातही होतंच. नोव्हेंबर 2007 मध्ये पुण्यातल्याच कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटांच्या कंपनीचा ‘एका’ हा क्लस्टर जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर झळकला. 2015 मध्ये केंद्रानं साडेचार हजार कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर केलं आणि त्यातून वाराणसीच्या आयआयटीत ‘परम शिवाय’, खरगपूरला ‘परम शक्ती’, पुण्याच्या आयसरमध्ये 1.7 पेटाफ्लॉप्सचा ‘परम ब्रह्म’ अशी यंत्रं बसली. ‘अर्क’चं उद्घाटन झालं त्याच दिवशी पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथल्या तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचंही झालं. त्यातला पुण्याचा जीएमआरटी दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांसाठी आहे.

अशा यंत्रावर काम करायचं तर त्याच्यासमोर बसावं लागत नाही. नांदेडच्या विष्णुपुरीतली एखादी संशोधक विद्यार्थिनी पुण्यातल्या क्लस्टरवर खातं मिळवते असं समजा. ती आपल्या लॅपटॉपवरून आत शिरते आणि एक छोटी फाइल पाठवते: मला इतके कोअर हवेत, इतकी मेमरी हवी, इतके तास लागतील, आणि हा माझा प्रोग्रॅम. या मागणीला ‘जॉब’ म्हणतात. जॉब थेट यंत्रावर जात नाही, तो शेड्यूलरकडे जातो. शेड्यूलर म्हणजे कोणता जॉब कधी आणि कुठे चालवायचा हे ठरवणारी प्रणाली. ‘परम ब्रह्म’, ‘परम शिवाय’ यांसारख्या यंत्रांवर हे काम ‘स्लर्म’ करतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झालेली ही प्रणाली मुक्त आहे आणि आज जगातल्या कितीतरी मोठ्या क्लस्टरांचा कारभार तिच्याकडे आहे.

विद्यार्थिनी ‘एसक्यू’ नावाची आज्ञा देते. रांग पडद्यावर उमटते. तिच्या जॉबपुढे ‘पीडी’ अशी अक्षरं असतात, म्हणजे थांबलेला. शेवटच्या रकान्यात कारण असतं. तिथे ‘रिसोर्सेस’ लिहिलेलं असेल तर नंबर लागलेला आहे, फक्त कोअर मोकळे व्हायचेत. ‘प्रायॉरिटी’ लिहिलेलं असेल तर तिच्यापुढे अजून दुसरे आहेत. या एका शब्दावर अनेकांच्या रात्री गेल्या आहेत.

ही प्रायॉरिटी, म्हणजे अग्रक्रम, हा एक आकडा असतो. तो अनेक घटकांच्या बेरजेतून निघतो: जॉब किती वेळ थांबलाय, किती मोठा आहे, कोणत्या विभागात लावलाय, त्याला काही विशेष दर्जा आहे का, आणि फेअरशेअर. प्रत्येक घटकाचं मूल्य शून्य ते एक यांच्यामधलं असतं, त्याला केंद्रानं ठरवलेल्या वजनानं गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. ज्याची बेरीज मोठी त्याचा नंबर वर. बहुतेक ठिकाणी फेअरशेअरचं वजन सगळ्यांत जास्त ठेवलेलं असतं, त्यामुळे खरा खेळ तिथेच होतो.

मराठवाड्यात वाटपाची एक पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे. कंधार तालुक्यातच बारूळला मानार प्रकल्पाचं धरण आहे. कालव्याला पाणी सुटायचं म्हटलं की सात नंबरचा अर्ज भरायचा, मंजुरी घ्यायची आणि शेजपाळीप्रमाणे आपली पाळी येण्याची वाट पाहायची. पाळी ठरते ती शेत कालव्यावर कुठे आहे यावरून. मागच्या आवर्तनात वरच्यानं रात्रभर पाणी घेतलं आणि शेपटाच्या शेतकऱ्याला ओंजळभरही मिळालं नाही, तरी पुढच्या आवर्तनात पाळीचा क्रम त्या कारणानं बदलत नाही. फेअरशेअर नेमकं हेच बदलतो. तुमचं शेत कुठे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. अलीकडे तुम्ही किती पाणी घेतलंत आणि तुमचा हक्काचा वाटा किती होता, एवढंच तो पाहतो. ज्यानं वाट्याहून जास्त घेतलं तो मागे, ज्यानं कमी घेतलं तो पुढे.

यातलं सूत्र अवघड नाही. स्लर्मच्या मूळ पद्धतीत तुमच्या वापराला तुमच्या वाट्यानं भागायचं, आणि जितकं उत्तर येईल तितक्या वेळा एकाचं अर्धं करत जायचं. काहीच वापरलं नसेल तर गुण पूर्ण 1. बरोबर वाट्याइतकं वापरलं तर 0.5. दुप्पट वापरलं तर 0.25.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका क्लस्टरवर तीन गट आहेत. रसायनवाल्यांचा वाटा 40 टक्के, भौतिकीवाल्यांचा 40 टक्के आणि बाहेरच्या एका लहान महाविद्यालयाचा 20 टक्के. अलीकडच्या वापरापैकी 60 टक्के रसायनवाल्यांनी केलाय, 38 टक्के भौतिकीनं, आणि महाविद्यालयानं जेमतेम 2 टक्के. गुण निघतात अनुक्रमे 0.35, 0.52 आणि 0.93. फेअरशेअरचं वजन दहा हजार असेल तर रसायनवाल्याच्या जॉबला साधारण 3,540 गुण मिळतात आणि महाविद्यालयाच्या जॉबला 9,330. आता रसायनवाला साडेतीन दिवसांपासून रांगेत आहे. थांबण्याचं वजन एक हजार आणि सात दिवसांत ते पूर्ण मिळतं असं धरलं, तर त्याच्या पदरात आणखी 500 पडतात. एकूण 4,040. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यानं जॉब आत्ता, या मिनिटाला टाकलाय, आणि तरी तो दुपटीहून जास्त गुणांनी पुढे आहे.

इथेच वशिल्याचा संशय येतो. पण वजनं बदलून पाहा. थांबण्याचं वजनही दहा हजार केलं, तर साडेतीन दिवसांनी रसायनवाला 8,540 वर पोचतो आणि पाच दिवस थांबला असता तर 10,680 गुणांनी महाविद्यालयाच्या नव्या जॉबच्या पुढे गेला असता. म्हणजे रांगेत कोण पुढे, हे सूत्र ठरवत नाही. सूत्रात वजनं भरणारी समिती ठरवते. फेअरशेअरबद्दल जेवढं बोललं जातं त्यात हा मुद्दा सगळ्यांत कमी येतो आणि खरं तर सगळ्यांत आधी यायला हवा.

आता ‘अलीकडे’ म्हणजे किती अलीकडे? जन्मभराचा हिशेब धरला तर एकदा मोठं काम केलेला गट कायमचा तळाला जाईल. म्हणून वापराला अर्धायुष्य दिलेलं असतं. किरणोत्सर्गी पदार्थ जसा ठरावीक काळानं निम्मा उरतो तसा इथे जुना वापर निम्मा होत जातो. स्लर्ममध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर हा काळ सात दिवसांचा असतो. दहा हजार कोअर-तास खर्च केलेत? आठवड्यानं ते पाच हजार धरले जातील, दोन आठवड्यांनी अडीच हजार, महिन्याभरात सव्वासहाशेच्या आसपास. चांगलं-वाईट दोन्ही हळूहळू पुसलं जातं. जो गट सहा महिने फिरकलाच नाही त्याला सहा महिन्यांचा बॅकलॉगही मिळत नाही. त्याचा गुण जास्तीत जास्त 1, त्याच्या वर नाही. न वापरलेला वाटा साठवता येत नाही. ही गोष्ट माहीत नसल्यानं काही प्राध्यापक वर्षभर क्लस्टर राखून ठेवल्यासारखं करतात आणि मार्चमध्ये एकदम जॉबांचा ढीग लावतात. पहिले दोन दिवस त्यांचं काम सुसाट जातं. मग गुण घसरतात आणि तक्रारअर्ज सुरू होतात.

फेअरशेअर ही मर्यादा नाही, हेही पक्कं ध्यानात घ्यायला हवं. तुमचा गुण रसातळाला गेला तरी जॉब रद्द होत नाही. यंत्र मोकळं असेल तर शून्य गुणवाल्याचंही काम तत्काळ चालतं. दिवाळीच्या सुट्टीत, रविवारी पहाटे असे चमत्कार घडतात. गर्दी असेल तेव्हाच हा आकडा बोलतो.

आणखी एक गंमत आहे, तिला ‘बॅकफिल’ म्हणतात. समजा एका मोठ्या जॉबला पन्नास नोड हवेत आणि ते मोकळे व्हायला सहा तास लागणार आहेत. तोपर्यंत जे दहा-वीस नोड रिकामे झालेत ते नुसते तापत ठेवायचे का? शेड्यूलर रांगेत मागे असलेले, सहा तासांच्या आत संपणारे लहान जॉब त्या फटीत सरकवतो, मात्र पुढच्याला उशीर होणार नाही अशा बेतानं. सी-डॅकच्या यंत्रांच्या वापरपुस्तिकांत याचा उल्लेख आहे. म्हणजे कधी कधी कमी गुणांचा जॉब आधी गेलेला दिसतो तो यामुळे. ज्यांना हे कळतं ते वेळेची मागणी नेमकी करतात. तीन तासांच्या कामाला ‘असू दे’ म्हणून तीन दिवस मागणारा माणूस कुठल्याच फटीत बसत नाही.

कोअरच्या मागणीचंही तसंच. हिशेबात धरलं जातं ते तुम्ही अडवून ठेवलेलं, फक्त राबवलेलं नव्हे. 48 कोअरचा अख्खा नोड घेतला आणि प्रोग्रॅम एकाच कोअरवर चालला, तरी 48 कोअरचा वापर तुमच्या नावावर चढतो. बरेचसे नवखे विद्यार्थी इथे फसतात, आणि त्याचा फटका एकट्याला बसत नाही. खाती कुटुंबासारखी गुंफलेली असतात: संस्थेखाली विभाग, विभागाखाली प्रयोगशाळा, प्रयोगशाळेखाली विद्यार्थी. एकानं उधळपट्टी केली की सगळ्या प्रयोगशाळेचा गुण उतरतो. ‘एसशेअर’ ही आज्ञा दिली की नावासमोर वाटा, वापर आणि गुण असा तक्ताच उघडतो. प्रयोगशाळेत कुणी किती खाल्लं ते तिथे लपत नाही. अलीकडच्या स्लर्ममध्ये तर वेगळं काही सांगितलं नाही तर ‘फेअर ट्री’ ही पद्धतच लागू असते. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या मंडळींनी ती घडवली. तिच्यात आधी विभागांची आपसांत तुलना होते. जो विभाग वर ठरला त्यातले सगळेच वापरकर्ते खालच्या विभागातल्या सगळ्यांच्या वर जातात. उधळ्या विभागातला काटकसरी विद्यार्थी मग हात चोळत बसतो. हे न्याय्य आहे का, यावर मतभेद होऊ शकतात. प्रस्तुत लेखकाला विचाराल तर विभागप्रमुखाला आपल्या घरातला हिशेब पाहायला लावणारी ही पद्धत बरी.

फेअरशेअरची कल्पना नवी नाही. 1975 मध्ये केंब्रिजच्या जे. लार्माउथ यांनी यंत्रात प्रत्येकाला वाटा देऊन वेळापत्रक कसं लावावं यावर निबंध लिहिला. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात विद्यार्थ्यांची एकाच युनिक्स यंत्रावर झुंबड उडायची. तिथल्या ज्युडी के आणि पिअर्स लॉडर यांचा फेअरशेअरवरचा लेख जानेवारी 1988 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही मूळ आधार मानला जातो. त्या काळी प्रश्न होता ‘एका यंत्रावर कोण किती वेळ’; आज तो ‘हजारो कोअरवर कोण किती दिवस’ असा झालाय. विचार तोच राहिला. लोकांना समान यंत्र द्यायचं नाही, लोकांना ठरलेला वाटा मिळतोय ना ते पाहायचं.

प्रत्येक कामाला मात्र फेअरशेअर चालत नाही. हवामानाचा रोजचा अंदाज रांगेत उभा राहू शकत नाही. परवाच्या पावसाचा अंदाज उद्या संध्याकाळी निघाला तर त्याचा उपयोग काय? म्हणून जगभरातल्या हवामान केंद्रांत रोजच्या अंदाजासाठी यंत्राचा भाग किंवा ठरावीक वेळ राखीव असतो, आणि उरलेल्या वेळात संशोधनाचे जॉब आपापसांत वाटणी करून घेतात. गरज आणि हक्क यांतला फरक इथे यंत्रालाच शिकवलेला असतो. ज्या कामाला घड्याळ लागलेलं आहे त्याला रांगच नाही. ज्याला नाही त्याला गुण मोजून रांग.

मग कंधार-नांदेड-लातूरकडच्या संशोधकाला यात काय मिळतं? बरंच. ज्याच्याकडे स्वतःचं यंत्र नाही, ज्याचा वापर थोडा आणि अधूनमधून आहे, त्याच्यासाठी फेअरशेअर ही सगळ्यांत सोयीची रीत आहे. ‘आधी येईल त्याला आधी’ या नियमात मोठी प्रयोगशाळा शेकडो जॉब लावून रांग आठवडाभर बळकावू शकते. फेअरशेअरमध्ये तिचे पहिले काही जॉब चालले की तिचाच गुण उतरतो आणि विष्णुपुरीहून आलेला एकुलता जॉब वर सरकतो. आडगावच्या माणसाला एरवी रांगेत असा सन्मान फारसा कुठे मिळत नाही. पण त्यासाठी वाटा असावा लागतो. सूत्र कितीही चोख असलं तरी वाट्याच्या रकान्यात 1 लिहिलंय की 20, हे माणसं ठरवतात, बैठकीत ठरवतात, आणि त्या बैठकीत जो नसतो त्याचा आकडा बहुधा लहान निघतो. दोन टक्के वापरलेल्या महाविद्यालयाचा वाटा वीसऐवजी एक टक्का असता, तर वरच्या उदाहरणातला त्याचा गुण 0.93 वरून 0.25 वर आला असता. वापर तोच, यंत्र तेच, विद्यार्थीही तोच.

राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनचा हेतूच मुळी संस्था एकमेकींना जोडून यंत्रं सामायिक करण्याचा आहे. तेव्हा मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एखाद्या क्लस्टरवर खातं मागताना नुसतं ‘लॉगिन मिळालं’ म्हणून खूश होऊन परतू नये. आपला वाटा किती, वापराचं अर्धायुष्य किती दिवसांचं आणि थांबण्याला वजन किती, हे तीन आकडे लेखी मागून घ्यावेत, आणि ते विद्यार्थ्यांना दिसतील असे प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावेत.